मालकीणबाई आणि चौथा भिडू

इकडे ये गं, जवळ बस. दाराशी नाही, इथे, पंख्याखाली. आणि तो फोन जरा पालथा ठेव, असंच म्हणायचं होतं मला. गेल्या खेपेला तू आलीस ती घरपट्टीची नोटीस द्यायला आल्यासारखी. पाठीवरची सॅकसुद्धा उतरवली नाहीस. उभ्याउभ्या चहा प्यालीस, "मावशी, कल्याणला जागा घेतली खरी, पण दिवसभर मी आणि लॅपटॉप, शेजारी कोण राहतं तेही ठाऊक नाही," असं म्हणालीस, आणि मी तोंड उघडते तोवर तुझी मीटिंग आली. म्हणजे दुखणं सांगायला तुला वेळ आहे आणि औषध ऐकायला नाही. म्हणून आता लिहूनच काढते. मध्येच सोडून उठलीस तरी निदान मला दिसणार नाही.

औषध माझं नव्हे हो. ते आमच्या मालकीणबाईंचं.

तुझे काका गेले आणि पुढच्याच वर्षी आमची बिल्डिंग पाडायला घेतली. नवी उभी राहीपर्यंत कुठेतरी भाड्याने राहणं आलं. मुलगा म्हणाला, बंगळूरला ये. गेले. तिथे लिफ्टमध्ये सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे राहतात. महिन्याभरात परत आले आणि एजंटला म्हटलं, डोंबिवली सोडून काहीही दाखवू नकोस.

तो मला ठाकुर्लीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एका गल्लीत घेऊन गेला. जुनी तीन मजली इमारत, तळमजल्यावर मालकीणबाई एकट्या, वर भाडेकरू. फाटकाशी थांबून एजंट हळूच म्हणाला, "काकू, एक रिक्वेस्ट आहे. बाई काहीही विचारू देत, तुम्ही हो म्हणा."

मला वाटलं, मासे खाता का, पाहुणे किती येतात, असलं काहीतरी असणार. दार उघडलं. पंचाहत्तरीच्या पुढच्या, उंच, सरळ पाठीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि अंगाला टाल्कम पावडरचा भरभरून वास. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मेंढीकोट येतं?"

आता तुला सांगते, आमच्या बाबांच्या घरात पत्त्यांचा कॅट म्हणजे दारूच्या बाटलीइतकाच वाईट. गोकुळाष्टमीच्या रात्री गावातले पुरुष ओटीवर खेळायचे, तेव्हा आम्हा मुलींना माजघरात कोंडून ठेवायचे. मला बदाम आणि चौकट यातला फरक कळायचा तो फक्त रांगोळीत काढायचा आकार म्हणून. पण वरच्या रिकाम्या खोलीच्या गॅलरीत सकाळचं ऊन आलेलं फाटकातूनच दिसलं होतं आणि मी सकाळपासून पाच जिने चढून थकले होते.

"येतं थोडंफार," मी म्हटलं.

"थोडंफार कुणालाच येत नाही. येतं नाहीतर येत नाही. बरं, कधी सामान आणताय?"

एजंटने नंतर सांगितलं की माझ्याआधी त्याने एक जोडपं आणलं होतं. दोघांना कंपनीत चांगल्या नोकऱ्या, मूलबाळ नाही, कुत्रा नाही, वर्षाचं भाडं आगाऊ द्यायला तयार. बाईंनी विचारलं, पत्ते? ते म्हणाले, आम्ही वेबसीरीज बघतो. बाईंनी त्यांना सरबत पाजून वाटेला लावलं. "मी काय करू, सांगा काकू," तो बिचारा रडकुंडीला आला होता. "आता गिऱ्हाइकाला जागा दाखवायच्या आधी उतारी शिकवू का?"

त्या असं का करायच्या ते मला सामान लावल्यावर दुसऱ्या दिवशी समजलं. आधारकार्डाची झेरॉक्स द्यायला खाली गेले तर दार उघडंच. आत चौकोनी टेबल, भोवती चार खुर्च्या, चारही वेगवेगळ्या. चार जागी पानं पालथी वाटलेली. आणि बाई एका खुर्चीत बसून एक पान टाकायच्या, उठायच्या, पुढच्या खुर्चीत जाऊन बसायच्या, तिथली पानं उचलायच्या, विचार करायच्या, पान टाकायच्या, पुन्हा उठायच्या. एका खुर्चीतून समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "काय हो भिडू, दश्शी अशी मोकळी सोडतात का?" आणि समोर जाऊन बसल्यावर तिथून उत्तर, "तुम्ही एक्का दाबून बसलात, त्याचं काय?"

मी दारातच थिजले. मला पाहून त्या मुळीच ओशाळल्या नाहीत.

"ये. त्या खिडकीकडच्या खुर्चीत बसू नकोस, ती बाई लबाड आहे."

"बाई, पण तुम्हाला चौघांचीही पानं ठाऊक असतात ना?"

"खुर्ची बदलली की विसरते. सवयीने जमतं." मग पानं गोळा करता करता म्हणाल्या, "पण हसायला कुणी नसतं गं. मी चांगला डाव टाकला तरी बाकीच्या तिघी मख्ख."

मेंढीकोट म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते, घाबरू नकोस. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू. पहिल्याने जो रंग लावला त्याचंच पान बाकीच्यांनी द्यायचं, ती उतारी. चार दश्श्या असतात, त्यांना म्हणायचं मेंढ्या. ज्या जोडीने जास्त मेंढ्या धरल्या ती जिंकली, आणि चारही धरल्या तर समोरच्यांवर कोट बसला. कोट बसणं म्हणजे नाक कापलं जाणं. यातलं खरं महत्त्वाचं एवढंच की चौघं लागतात. तिघांत होत नाही, दोघांत होत नाही. बाईंचे यजमान, त्यांची एक मैत्रीण आणि शेजारचे एक काका अशी त्यांची पूर्वीची चौकडी होती. एकेक करून रिकामी झाली. बाईंनी टेबल काही हलवलं नाही, भाडेकरू बदलत राहिल्या.

मी आले तेव्हा त्यांच्याकडे दोन गडी जमलेले होते. एक तात्या. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त, दोन गल्ल्या पलीकडे मुलासुनेकडे राहायचे, येताना बसायची गादी स्वतःची बगलेत घेऊन यायचे. पान टाकायच्या आधी अंगठा जिभेला लावायची त्यांना सवय, त्यासाठी बाईंनी त्यांच्यापुढे पोस्टात असतो तसला ओला स्पंज ठेवला होता. दुसरी रेश्मा, दुसऱ्या मजल्यावरची, साताऱ्याकडची, कल्याणच्या एका हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी करून यायची, दुपारपर्यंत झोपायची आणि चार वाजता सुजलेल्या डोळ्यांनी खाली. "आजी, मला पत्त्यांनी नाही, तुमच्या चहाने जाग येते," म्हणायची. चौथी जागा रिकामी होती, ती मी खोटं बोलून मिळवली.

खोटं पहिल्याच डावात उघडं पडलं. बाई माझ्या भिडू. त्यांनी बदामचा एक्का टाकला. हात आमचाच होता. माझ्याकडे बदाम नव्हता, हुकूम होता, आणि मला तेवढंच कळलं होतं की हुकूम सगळ्यांना मारतो. मी ऐटीत हुकूम मारून आमचाच एक्का कापला.

तात्यांनी डोळे मिटले. रेश्मा टेबलाखाली वाकली, हसायला. बाईंनी पानं पालथी ठेवली, स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या, परत आल्या आणि मला विचारलं, "तुझे यजमान असतानासुद्धा असंच करायचीस? त्यांनी कमावलं की तूच उधळायचीस?"

"नाही हो बाई, ते फार काटकसरी."

"मग त्यांना घाबरायचीस तशी मला घाबर."

तुझे काका गेल्यापासून कुणी माझ्याशी त्यांच्याबद्दल असं बोललंच नव्हतं. सगळे डोळे ओले करून, मान तिरकी करून, हळू आवाजात. मला एकदम हसू आलं. किती दिवसांनी आलं ते आठवत नाही, पण माझंच हसू मला परक्याचं वाटलं, एवढं नक्की.

बाईंचे नियम ऐक. पैसे लावायचे नाहीत, हरलेल्या जोडीने चहा करायचा आणि कुंड्यांना पाणी घालायचं. दुसरा नियम दारावरच. "गुडघे, शुगर आणि सुना, तिन्ही बाहेर चपलांपाशी." कुणी पाठ धरून कण्हलं तर बाई नुसतं दाराकडे बोट दाखवायच्या. एकदा तात्या सुनेबद्दल काहीतरी पुटपुटले, तर त्यांना खरोखर उठून उंबऱ्याबाहेर जाऊन, तिथे काय ते बोलून परत यावं लागलं. बाहेर ते दोन मिनिटं चपलांकडे बघत उभे होते. परत येऊन म्हणाले, "काही नाही, चांगली आहे हो तशी."

माझ्यावरही वेळ आली. काकांचा वाढदिवस होता, सकाळपासून मी दाबून धरलं होतं, आणि ऐन डावात डोळ्यांतून धारा. मी उठायला लागले. बाईंनी मनगट धरलं. "रड हो, खुशाल रड. पण उतारी दे." मी रडत रडत किलवरची नश्शी टाकली. रेश्माने रडत नसतानाही स्वतःचं नाक पुसलं. डाव आम्ही जिंकलो, आणि माझं रडणं कधी थांबलं ते माझ्याही ध्यानात आलं नाही.

आणखी एक वेड. पानं प्लास्टिकची होती, आणि दर महिन्याला त्या ती साबणाच्या पाण्यात धुवायच्या. मग ऊन येतं म्हणून वर माझ्या गॅलरीतल्या दोरीवर एकेक पान चिमटा लावून वाळत. येणारेजाणारे मान वर करून बघायचे. एकदा वाऱ्याने किलवरची राणी सुटली ती खाली भाजीवाल्याच्या मेथीवर. त्याने हाक मारली, "बाई, तुमची राणी उतरली खाली." बाई वरून म्हणाल्या, "राजा इथे वाळत पडलाय, तिला वर पाठव." वाळली की पावडर लावायच्या, पानं सुळसुळीत व्हावीत म्हणून. त्या घरात आलेला माणूस न्हायलेल्या बाळासारखा वास घेऊन बाहेर पडायचा.

असं आमचं बरं चाललं होतं. मला पत्ते येऊ लागले. इतके की भाजी घेताना मी जुडीला हात लावायच्या आधी पुढच्या बाईकडे काय उरलंय याचा अंदाज घ्यायला लागले.

मग एक दिवस बाईंनी चूक केली.

इस्पिक चाललं होतं आणि त्यांनी किलवर टाकलं. पुढच्याच हाताला त्यांच्याकडून इस्पिक निघालं. म्हणजे उतारी असून दिली नाही. नवशिक्यानेही करू नये अशी चूक, आणि ती बाईंनी.

"लाईट गेलेत ना," बाई म्हणाल्या. खरंच, शुक्रवार होता, आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार.

पुढच्या आठवड्यात ट्यूब लखलखीत पेटलेली असताना पुन्हा तेच झालं. या वेळी त्यांनी ट्यूबलाच नावं ठेवली. नवी ट्यूब आणली. मग टेबल खिडकीशी ओढलं. मग तात्यांना म्हणाल्या, तुमचा शर्ट फार पांढरा आहे, त्याची तिरीप येते. तात्या दुसऱ्या दिवसापासून चॉकलेटी शर्टात यायला लागले, बिचारे.

रेश्मा मला जिन्यात म्हणाली, "मावशी, मोतीबिंदू आहे. पिकलाय चांगला. दोन्ही डोळ्यांत. मी बोलले आजींना, तर म्हणाल्या, हॉस्पिटलातलं हॉस्पिटलात ठेव."

आम्ही तिघांनी काही ठरवलं नव्हतं, तरी एक झालं. तात्यांनी पान टाकताना नाव घेतलं, "हा घ्या किलवरचा गुलाम." रेश्मा म्हणाली, "चौकटची राणी माझी." मीही सुरू केलं. बाईंनी एक डाव ऐकून घेतलं. दुसऱ्या डावाच्या आधी जाहीर केलं, "आजपासून पान टाकताना प्रत्येकाने नाव घ्यायचं. तुम्ही लोक पानं फार गुळमुळीत टाकता." आणि पुढे कुणी विसरलं तर त्याच रागवायच्या. नियम आमचा, मालकी त्यांची. आम्हाला ते चाललं.

पण समोरच्याचं पान ऐकू येतं, आपल्या हातातलं कोण सांगणार? वाटून झालं की त्या पानं घेऊन दारात जायच्या, उन्हात धरून, नाकाशी नेऊन लावायच्या आणि परत येऊन पाठ केल्यासारख्या खेळायच्या. पुढे पुढे तेही जमेना. एकदा मी चहा करायला आत होते, त्या मागून आल्या आणि साखर म्हणून मीठ उचललं. हातातून बरणी काढून घेतली तर म्हणाल्या, "मला सगळं दिसतं." मी म्हटलं, "बाई, ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं हो. दुसऱ्या दिवशी माणूस टीव्ही बघतो."

"ऑपरेशनला कोण भितंय?" त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन चपलांपाशी ठेवायचं ते आत आणलं. "लेक ठाण्याला नेईल. तिथेच करायचं म्हणतोय. म्हणेल, आई, पंधरा दिवस राहा. मग म्हणेल, उन्हाळा जाऊ दे. मग म्हणेल, तिकडे एकटी काय करतेस? त्याचं चुकतं असं नाही गं. चांगला आहे तो. पण एकविसाव्या मजल्यावर मी चौघं कुठून आणू? अंधुक दिसलं तरी इथे तुम्ही तिघं दिसता."

खरं सांगू का, त्या गेल्या तर आमचंही काय, हा विचार माझ्या मनात त्यांच्याही आधी आला होता. रेश्माने निजून उठल्यावर कुणाकडे जायचं? तात्यांनी गादी घेऊन कुठे बसायचं? आणि मी? मी पुन्हा संध्याकाळी सात ते दहा मालिका बघायच्या, ज्यांतल्या सगळ्या बायका झोपतानाही नथ घालतात.

पण बाईंना जिन्याची शेवटची पायरी दिसली नाही आणि त्या गुडघ्यावर आपटल्या, त्या दिवशी तात्या चिडले. मी त्यांना चिडलेलं तेव्हा एकदाच बघितलं. डाव मांडल्यावर पानं हातात न घेता म्हणाले, "बाई, आज पैज. आमचा कोट तुमच्यावर बसला तर तुम्ही डॉक्टरकडे जायचं. नाही बसला तर मी आयुष्यात हा विषय काढणार नाही."

आता, बाईंवर त्यांच्या उभ्या आयुष्यात कोट बसला नव्हता. त्यांचा सगळ्यात मोठा दागिना तोच. त्या फुलल्या. "तुम्ही? माझ्यावर? वाटा."

तात्यांनी वाटताना माझ्याकडे पाहिलं. रेश्मानेही. मी बाईंची भिडू ना. चारही मेंढ्या पलीकडे जायच्या तर माझ्या हातावाचून ते होणार नव्हतं.

ते दोघं कसे खेळले ते मला आठवत नाही, कारण माझं सगळं लक्ष माझ्याच चोरीत होतं. एक मेंढी रेश्माने सरळ नेली. एक तात्यांच्याच हातातली, ती त्यांनी हुकमाने राखली. तिसरी चौकटची, माझ्याकडे. तात्यांनी चौकटचा एक्का टाकला. माझ्याकडे दश्शी होती आणि सत्ती होती. कुठलंही शहाणं माणूस सत्ती टाकेल. मी दश्शी टाकली आणि नियमाप्रमाणे नाव घेतलं, "चौकटची दश्शी." माझा आवाज चिरकला.

बाईंनी मान उचलली. "एकुलतं एक होतं?"

"हो."

खेळ पुढे गेला. शेवटचे तीन हात उरले. रेश्माने चौकट लावलं. माझी पाळी आली आणि मी, जन्माची वेंधळी, पान टाकलं आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, "चौकटची सत्ती."

म्हटल्यावर कळलं, दश्शी एकुलती एक म्हणून टाकली होती ना मी. तात्यांनी स्पंजावर अंगठा दाबला तो दाबूनच ठेवला. रेश्माने छताकडे बघितलं.

बाईंची नजर माझ्याकडे होती. किती दिसत होतं त्यांना देव जाणे, पण बघत होत्या. मला वाटलं, आता पानं फेकतील, टेबल मोडतील, घर खाली करायला सांगतील. भिडूने भिडूला विकायचं, यापेक्षा मोठं पाप त्या घरात नव्हतं.

"इतकी वाईट तू पहिल्या दिवशीसुद्धा खेळली नव्हतीस," त्या म्हणाल्या.

मी खाली मान घातली.

तो हात तात्यांनी घेतला, आणि किलवरचा राजा लावला. बाईंच्या हातात दोन पानं. त्या ती दोन पानं घेऊन दारात गेल्या नाहीत. नुसती धरून बसल्या, अंगठ्याने एकेका पानावरून हात फिरवला. मग एक काढून राजावर ठेवलं. नाव घेतलं नाही. आम्ही वाकून बघितलं. बदामची दश्शी. चौथी मेंढी.

शेवटच्या हाताला त्यांचं उरलेलं पान पडलं तेव्हा कळलं, ती हुकमाची तिर्री होती. तिने त्या राजा कापू शकत होत्या. मेंढी वाचली असती, कोट टळला असता, तात्यांचं तोंड कायमचं बंद झालं असतं.

"बाई, तिर्री होती तुमच्याकडे," तात्या कसंबसं म्हणाले.

"होती का? दिसलं नाही मला." पानं गोळा करत त्या म्हणाल्या. "डोळे गेलेत माझे, तुम्हीच म्हणता ना. रेश्मा, माझ्या लेकाला फोन लाव, डॉक्टर कधी बोलावतोय ते विचार. आणि ए भिडू, तू चहा टाक. साखर माझी मी घालणार नाही."

त्यांना दिसलं होतं की नव्हतं, यावर तात्या आणि मी अजून भांडतो. रेश्मा म्हणते, तुम्ही दोघंही वेडे आहात.

पुढे बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. लेक येऊन घेऊन गेला. एक डोळा झाला, मग दुसरा, मग उन्हाळा जाऊ दे, मग पावसात कशाला. मी पानं कपाटात ठेवली. आम्ही तिघांनी तीनपानी, झब्बू, सगळं करून बघितलं. तात्या तर एकदा गादी काखोटीला मारून आले आणि न पसरताच परत गेले. मीही खाली आले की टेबलाकडे बघायचं टाळायची. किल्ली माझ्याकडे होती, धूळ झटकून जायची.

मधे न राहवून मी ठाण्याला गेले, घोडबंदरच्या बाजूला. डब्यात चकल्या घेतल्या. वाटेत मनाची तयारी केली की बाई खिडकीशी शून्यात बघत बसलेल्या असणार, आपण धीर द्यायचा, रडायचं नाही. एकविसाव्या मजल्यावर सून दार उघडून म्हणाली, "आई खाली क्लबहाऊसमध्ये आहेत. आता सातपर्यंत वर यायच्या नाहीत."

खाली गेले. एसी खोली, काचेची दारं, आणि आत टेबलाशी चौघं. एक गुजराती बेन, एक फौजेतून निवृत्त झालेले मिशीवाले, पायांत पांढरे बूट घातलेली एक हडकुळी बाई, आणि आमच्या बाई, चष्म्याशिवाय. लिफ्टमध्ये कॅट हातात धरून उभ्या राहायच्या म्हणे, आणि जो कुणी बुटांकडे बघेल त्याला विचारायच्या, मेंढीकोट येतं का? त्या फौजी माणसाला येत नव्हतं. त्याला सांगितलं, तुम्ही सीमेवर काय केलंत मग इतकी वर्षं?

"ये," मला बघून त्या म्हणाल्या. पान टाकायचं थांबवलं नाही. आणि मंडळींना ओळख करून दिली, "ही माझी डोंबिवलीची भिडू. जन्मात एकदाच कोट बसला माझ्यावर, तो हिच्यामुळे."

तिघांनीही माझ्याकडे मोठ्या आदराने बघितलं. मला म्हणाल्या, बस, बघ. आणि मी बसले, पाचवी, बाजूच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन. तुला खोटं कशाला सांगू, मला इतका राग आला. म्हटलं, मी इथे हिच्यासाठी जीव टाकते आणि ही मजेत बदामची राणी मारतेय. त्या पांढऱ्या बुटांच्या बाईने एक चांगली खेळी केली तर बाई तिला "वा" म्हणाल्या. मला त्यांनी "वा" म्हणायला वर्ष लागलं होतं. चकल्या तेवढ्या त्या मंडळींनी सगळ्या संपवल्या.

निघताना फाटकापर्यंत सोडायला आल्या. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजून दाखवली, उगाच. मग विचारलं, "आपल्याकडे चौथी कोण घेतलीत?"

"कुणी नाही. तुमच्याशिवाय कसं? तुमची जागा आहे ती, आम्ही तशीच ठेवलीय."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी मात्र माझ्याकडे असं बघितलं, एक्का कापला त्या दिवशी बघितलं होतं तसं.

"मला काय फोटोत घातलंत? मी जिवंत आहे आणि इकडे खेळतेय. आणि तुम्ही तिकडे माझ्या जागेची पूजा करत तिघं तीन दिशांना बसलाय?" मग आवाज जरा खाली आणला. "मी इथे आले तेव्हा आठ दिवस खोलीतून बाहेर पडले नव्हते. तुमच्यासारखं कुणी मिळणार नाही म्हणून. मिळालंही नाही. पण पानं चौघांना वाटायची असतात गं. कुणाला तरी बसव. नीट न खेळणारं बघ, म्हणजे शिकवण्यात दोन महिने जातील."

म्हणून मी तुझं नाव घेतलं. तात्या, रेश्मा आणि बाई, तिघांनाही सांगून ठेवलंय, माझी भाची कल्याणला आलीय, एकटी असते, काही येत नाही तिला. तात्या म्हणाले, काहीच येत नाही? मग उत्तम. गादी उन्हात घातलीय त्यांनी. रेश्माने रविवारची रात्रपाळी बदलून घेतलीय. बाईंच्या लेकाने टेबल वापरायला हरकत नाही म्हणून कळवलंय, आणि बाई दर रविवारी नऊ वाजता फोन करून विचारणार आहेत, कुणी कुणाचा एक्का कापला.

तू चुकशील. आमचाच हात मारशील, उतारी विसरशील, तात्या डोळे मिटून घेतील. मिटू देत. कल्याणहून एक स्टेशन सोडून दुसरं आमचं, आणि तू आठ महिन्यांत एकदा आलीस, तीही उभ्याने. या रविवारी चारच्या आत ये. शक्य तर तीनलाच ये, म्हणजे पानं हातात पंख्यासारखी कशी धरायची तेवढं तरी दाखवून ठेवते. आणि सॅक घरी ठेवून ये, बाई.